हलवायाच्या घरावर तुळशीपत्र नको

प्रति,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार
आणि ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय: माल परतीच्या उदार धोरणाचा खर्च कोणी सोसावा याबाबत

महोदय,

आम्ही साड्या आणि तयार कपडे ऑनलाइन विकणारे छोटे विक्रेते. ग्राहकाचा हक्क कमी करा, असे आम्ही मागत नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ आमच्याच धंद्याने वर्षानुवर्षे पावत्यांवर छापली आणि तिच्या आडून विटका, उसवलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला. ते चूकच होते. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तो माल आम्ही आमच्या खर्चाने परत घेऊ.

आमचे दुखणे वेगळे आहे. साडीत खोट नसते, तरी 'आवडली नाही' एवढ्यावर कंपनी पैसे परत देते. जाहिरात तिची, नाव तिचे, आणि अनेकदा कुरिअरचे पैसे आमच्या हिशेबातून कापलेले. लग्नसराईनंतर परत आलेली साडी उलगडावी तर निऱ्यांच्या चुण्या दिसतात, पदराला हळद लागलेली असते. घडी मोडलेली साडी नवी म्हणून दुसऱ्या बाईला विकणे ही फसवणूक. न विकावी तर मुद्दल बुडते. मोठा व्यापारी हा तोटा किमतीत मिसळतो, म्हणजे तो प्रामाणिक गिऱ्हाइकाच्याच बिलात जातो. आम्हाला तेही जमत नाही.

म्हणून वचन देणाऱ्यानेच खर्च सोसावा. बिनखोट मालाच्या परतीचे कुरिअर कंपनीने भरावे, नाहीतर खरेदीआधीच स्पष्ट सांगून ग्राहकाकडून घ्यावे. परतीचा माल गोदामात माणसाने उघडून पाहावा, फोटो आम्हाला पाठवावेत आणि वापरलेल्या मालाची भरपाई द्यावी. ग्राहकाच्या तक्रारीची 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. विक्रेत्यालाही तीच मुदत हवी. आज पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवूनही 'दावा नामंजूर' एवढेच उत्तर हाती येते.

एक मागणी ग्राहकांसाठी. वारंवार माल परत केला म्हणून कोणाचेही खाते गुपचूप बंद करू नये. कारण सांगावे, म्हणणे ऐकावे. मापात न बसलेला ड्रेस परत करणारी बाई लबाड नसते. पुष्कळदा मापांचा तक्ता आमचाच चुकलेला असतो.

दिवाळीच्या विक्रीआधी सरकार, कंपन्या आणि विक्रेते अशी बैठक बोलवावी, ही विनंती. हळद लागलेल्या साड्या आम्ही सोबत घेऊन येऊ.

आपले,
छोट्या विक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य