गाडी तपासता, आतला माणूस कोण तपासणार?

रुग्णवाहिकांचे मालक, खासगी रुग्णालयांचे व्यवस्थापक, जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त आणि राज्याचा आरोग्य विभाग यांना हा जाहीर इशारा आहे.

रुग्णवाहिका रस्त्यावर आणायची तर आरटीओत फिटनेस प्रमाणपत्र लागते, चालकाला परवाना लागतो. 2018 पासून लागू झालेल्या एआयएस-125 या मानकाने रुग्णवाहिकांचे चार प्रकारही ठरवून दिले. पण मागे रुग्णाजवळ बसलेला तो माणूस कोण? त्याला कृत्रिम श्वास देण्याची अँब्यू बॅग धरता येते का? अपघातात मान दुखावलेल्याला कसे उचलायचे, हे त्याला कुणी शिकवले आहे का? दारात गाडी उभी राहते तेव्हा घरच्यांना यातले काहीच कळत नाही, आणि विचारायला तेव्हा वेळही नसतो.

राज्यात 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी 108 सेवा सुरू झाली, ती गाडीत डॉक्टर ठेवून. त्या डॉक्टरकडून कसूर झाली, तर त्याच्या परिषदेकडे तक्रार करता येते. खासगी गाडीतल्या ‘अटेंडंट’ची तक्रार कुणाकडे करायची?

कायदा नाही, ही सबब आता चालणार नाही. केंद्राचा 2021 चा सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला, म्हणजे ईएमटीला, नावानिशी आपल्या कक्षेत घेतो. नोंदणीपटावर नाव नसताना हे काम करणाऱ्याला 50 हजार रुपये दंड आहे. राज्यांनी सहा महिन्यांत आपापली परिषद नेमावी, असे त्यात लिहिलेले होते. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी 12 ऑक्टोबर 2024 ही मुदत घालून द्यावी लागली. यापरती नामुष्की कोणती?

अशा तक्रारींच्या सुनावणीबद्दल आम्हाला विशेष बोलायचे आहे, कारण अन्याय दोन्हीकडून होतो. रुग्ण दगावतो, नातेवाईक संतापतात, मालक गाडीवरच्या अटेंडंटला त्याच रात्री कामावरून काढतो आणि प्रकरण मिटते. चौकशी नाही, कागद नाही. तो दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या गाडीवर चढतो. किंवा त्याची चूक नसतेच: सिलिंडर रिकामा असतो, सक्शन बंद असते, सलग दोन पाळ्या मालकानेच लावलेल्या असतात. म्हणून लेखी आरोप, कारणे दाखवा नोटीस, बाजू मांडण्याची संधी, लेखी निकाल आणि अपील हे सगळे हवे. मालकालाही त्या सुनावणीत उभे करायला हवे. कॅलिफोर्नियात ईएमटीला दाखला देण्याचे आणि तो निलंबित वा रद्द करण्याचे काम स्थानिक आपत्कालीन सेवा यंत्रणा करते, आणि कारवाई झालेल्याला प्रशासकीय न्यायाधीशापुढे दाद मागता येते. आपल्या जिल्ह्याला हे अशक्य आहे, असे कुणी सांगू नये.

आजपासून 30 दिवस देत आहोत. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आणि महापालिका आयुक्ताने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांची शैक्षणिक पात्रता आणि नोंदणी क्रमांक जाहीर करावेत. तो क्रमांक गाडीच्या मागच्या दारावर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावावा. तक्रार कुठे द्यायची, तिची सुनावणी कोण घेणार आणि किती दिवसांत, हे प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर लिहावे. आजवर किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हेही सांगावे. एकही आली नसेल, तर तसे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे.

मालकांनो, नोंदणी नसलेला माणूस रुग्णाजवळ बसवणे आजच थांबवा. यापुढे असा माणूस आढळला, तर तक्रारीत त्याच्या आधी तुमचे नाव असेल.

एकतिसाव्या दिवशी प्रत्येक जिल्ह्यात माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. कायद्याच्या मुदतीत उत्तर आले नाही किंवा टाळाटाळ झाली, तर त्याच कागदांनिशी आम्ही उच्च न्यायालयात जाऊ आणि संबंधित अधिकाऱ्यांना पदनामानिशी प्रतिवादी करू. मुदतवाढीची विनंती कुणी घेऊन येऊ नये. ती मिळणार नाही.