हवेत हातवारे? जरा थांबा!

मंडळी, आज जरा रागानेच लिहिते आहे. रिका उसामी या जपानी कराटेपटूचा व्हिडिओ यूट्यूबवर लाखो लोकांनी पाहिला आहे. परवा तो आमच्या घरच्या व्हॉट्सॅप गटावरही फिरून गेला. कौतुक झाले आणि पाठोपाठ ठरलेले शेरेही आले. "समोर कोणीच नाही, मग ही जिंकली कोणाशी?" "हा तर नाच झाला!" "गुंडाने गाठले तर हे उपयोगी पडेल का?"

अहो, आपण काय पाहतो आहोत ते आधी समजून तर घ्या! कराटेच्या स्पर्धेत दोन प्रकार असतात. कुमिते म्हणजे प्रत्यक्ष झुंज. काता म्हणजे बचाव आणि प्रहार ठरलेल्या क्रमाने एकट्याने करून दाखवणे. शत्रू फक्त मनात उभा करायचा. २०१२ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत, अंतिम फेरीत उसामीने 'चातान्यारा कुशांकू' हा काता केला. दोन्ही खेळाडूंनी आपापला काता करायचा आणि पाच पंचांनी लाल किंवा निळा झेंडा वर करायचा, अशी तेव्हाची पद्धत होती. जिंकली कोणाशी, याचे उत्तर हे!

यात पदरचे एक पाऊलही घालता येत नाही. त्यामुळे चूक झाकायला जागाच उरत नाही. तोल किंचित ढळला, नजर उशिरा वळली, की पंचांना दिसलेच.

आता नाचाबद्दल. 'नाच' ही शिवी कधीपासून झाली? नाचालाही वर्षानुवर्षांची मेहनत लागते. पण काता म्हणजे नाच नव्हे. त्यातल्या प्रत्येक हालचालीमागे झुंजीतला एक डाव असतो. तो उलगडून दाखवण्याला 'बुंकाई' म्हणतात. राहता राहिला गुंड. भाला घेऊन शिकारीला जाशील का, असे नीरज चोप्राला कोणी विचारते का? मग हा प्रश्न हिलाच का?

पण "लाखो लोकांनी पाहिले म्हणून ती थोर" असे म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. ती थोर ठरली ती त्या सभागृहात, सरावाच्या बळावर. त्या विजेतेपदानंतर, अवघ्या सव्विसाव्या वर्षी ती स्पर्धांतून निवृत्त झाली. कराटे ऑलिंपिकमध्ये आले ते थेट २०२१ साली, टोकियोत. आणि ज्या पॅरिसमध्ये ती जिंकली, त्याच पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमधून कराटे वगळले गेले! तरुण प्रेक्षकांना आवडेल म्हणून ब्रेकिंग हा नृत्यप्रकार आला. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही कराटे नाही. काय उपयोग झाला त्या लाखो अंगठ्यांचा?

शाळेत मी हेच पाहिले. बक्षीस समारंभाला टाळ्या वाजवायला सगळे हजर, सरावाच्या वेळी मैदान ओस! टाळीला काही पडत नाही. सरावाला पहाट मोडावी लागते, तीच गोष्ट हजार वेळा करावी लागते आणि ती पाहायला कोणी नसते.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी तो व्हिडिओ आला की शेरा मारण्याआधी एकदा उभे राहा. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून दोन मिनिटे हलू नका. जमले तर खुशाल नावे ठेवा.

असो. राग थोडा उतरला. तुमचे म्हणणे जरूर कळवा. भांडायलाही हरकत नाही!