चौथी सीट

डोंबिवलीत लग्न होऊन आलेल्या नोकरदार बाईला पहिली मैत्रीण बिल्डिंगमध्ये मिळत नाही, गाडीत मिळते. बिल्डिंगमध्ये ती अमक्यांची सून असते आणि जिन्यात बोललेलं संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर जाऊ शकतं. डब्यात तिला कुणी ओळखत नाही. रोज तीच गाडी, तेच दार. मग एक दिवस कुणीतरी सरकून घेतं, "ये गं, टेक इथे." तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धवट टेकायला मिळालं, की ती ग्रुपमध्ये आली.

मध्य रेल्वेवर व्हीटी ते कल्याण लेडीज स्पेशल सुरू झाली १ जुलै १९९२ ला. पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली त्याआधी मे महिन्यातच सुरू केली होती. रेल्वेच्या डोळ्यांसमोर गर्दी होती. बायकांनी त्या गाडीत गवार निवडली, भिशी चालवली, हळदीकुंकू केलं, दसऱ्याला डबा सजवला. डोहाळजेवणंही झाली. वर्तमानपत्रांत फोटो याचेच येतात.

फोटोत न येणारं बरंच आहे. दिव्याच्या आसपास कुणीतरी खालच्या आवाजात सांगते, की छातीत गाठ लागतेय, घरी अजून बोलले नाही. ठाणे येईपर्यंत डॉक्टर ठरलेला असतो, सोबत कोण रजा टाकणार तेही. मुलगा महिनाभर खोलीबाहेर येत नाही, असं एक जण सांगते, तेव्हा दुसरी म्हणते, "आम्ही आयपीएचला जातो, तूही चल." डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात मानसिक आरोग्याची ही संस्था १९९० मध्ये सुरू केली, पण तिची पायरी चढायचा धीर कित्येकींना डब्यात आला असेल. माझ्या मते हे जमतं, कारण ऐकणारीचा तुमच्या घराशी संबंध नसतो आणि दादर आलं की विषय आपोआप थांबतो. उद्या मात्र ती विचारतेच, "काय झालं गं?"

फार गोड चित्र रंगवायला नको. हाच ग्रुप नवखीला बाकाजवळ फिरकू देत नाही. सीटसाठी डाउन करून, म्हणजे आधी उलट जाऊन, कल्याणहून बसून येणाऱ्या आणि डोंबिवलीला चढणाऱ्या यांची भांडणं ऐकली, की मैत्री वगैरे शब्द तोंडातच राहतात.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली. सगळ्या महिलांना प्रवासाची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरला, तीही सकाळी अकरा ते तीन आणि रात्री सातनंतर. मधल्या काळात व्हॉट्सॲप होतंच. त्यावर सुप्रभात आले, काढे आले, पण गाठीबिठीचं कुणी लिहिलं नाही. घरात सगळ्यांसमोर फोनवर काय बोलणार?

निवृत्तीनंतर नेमकं हेच होतं, फक्त कायमचं. पास संपतो, मुलं पुण्या-बंगळुरूला, आणि तीस वर्षं गर्दीला शिव्या दिलेली बाई दुपारी दोन वाजता शांत घरात बसते. महिला मंडळं आहेत की, असं म्हणतात. आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पाककृती स्पर्धा असते, प्रमुख पाहुण्या असतात, सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. त्यापेक्षा भजनी मंडळ बरं, तिथे निदान वार ठरलेला असतो आणि एखादी आली नाही तर तिचा आवाज कमी पडतो.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा काढली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन म्हाताऱ्या दुपारी वर्गात बसू लागल्या. कौतुक झालं ते त्या अक्षरं गिरवतात याचं. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की त्या वयात त्यांना घराबाहेर पडायला ठरलेली वेळ मिळाली, आणि 'कुठे चाललीस?' याला उत्तर मिळालं.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसला बाराही महिने कुलूप असतं. रोज दुपारी दोन तास ते बायकांसाठी उघडावं, म्हणून सेक्रेटरींकडे किल्ली मागितली. त्यांनी विचारलं, "कार्यक्रम काय आहे?" काही नाही, नुसतं बसायचंय, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, तसं अर्जात लिहून द्या, कमिटीपुढे ठेवतो. अर्ज दिलाय.