‘खात नाही’ म्हणजे काय?

मागच्या पावसाळ्यात तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आमची बैठक होती. विषय रेशनचा होता. पण बोलणं सुरू झाल्यावर एका बाईने मांडीवरचं दीड वर्षाचं मूल पुढे केलं आणि म्हणाली, “ताई, पोर खातच नाय. मी काय करू?” दोनच दिवसांपूर्वी तिला चारचौघांत बोलणी बसली होती. मुलाचा दंड मोजला तेव्हा पट्टी लाल भागात गेली, आणि मोजणाऱ्या बाईंनी विचारलं, “तू आई आहेस ना? लक्ष नको द्यायला?” ही आई पहाटे उठून दुसऱ्याच्या शेतावर आवणीला जात होती.

परतताना मला माझी भाची आठवली. डहाणूत राहणारी, कॉलेजात जाणारी. घरात खायला काही कमी नव्हतं. काही वर्षांपूर्वी तिने आधी भात सोडला, मग तेल, मग पोळी. सहा महिन्यांत पाळी थांबली, केस गळू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. घरचे म्हणत, “नखरे आहेत. लग्न झालं की जेवेल.” एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. मीसुद्धा तिला रागावले होते, हे इथे कबूल केलं पाहिजे.

या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. पाड्यावरच्या उपासमारीमागे जमीन आहे, मजुरी आहे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणं आहे. भाचीचा आजार मनाचा होता, आणि बाईच्या शरीराकडे सतत तराजू घेऊन बघणाऱ्या आपल्या समाजाचाही होता. पण दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच दिसल्या. उपाशी शरीर दोन्हीकडे एकाच रीतीने वागत होतं. आणि त्या वागण्याचा दोष दोन्हीकडे बाईच्याच माथी मारला गेला.

मैत्रिणींनो, उपाशी शरीर कसं वागतं हे आपण कार्यकर्त्यांनी समजून घेतलं पाहिजे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण पुरुष स्वखुशीने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. ते चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, ताटातला घास तासन् तास चिवडू लागले. पुरेसं जेवण मिळू लागल्यावरही त्यांना ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले. ते पुरुष होते, म्हणून त्यांना कुणी नखरेल म्हटलं नाही. उपासमारीने मनही आजारी पडतं, हे त्यांच्यामुळे जगाला कळलं.

लहान मुलाचं आणखी वेगळं. तीव्र कुपोषणात शरीर आपलं काम आवरतं घेतं, वरून जुलाब, खोकला, ताप येतात आणि मुलाची भूकच मरते. म्हणजे ‘पोर खात नाही’ हे आजाराचं लक्षण आहे. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते मूल तीव्र कुपोषित धरतात. त्यातून ते काही खायलाच तयार नसेल, अंगावर सूज असेल किंवा ताप-जुलाब असतील, तर त्याला दवाखान्यातच न्यावं लागतं. तिथे घरच्यांना फटकारून काही होत नाही.

आणि अशा शरीराला एकदम भरपूर खायला घालणं हेही धोक्याचं आहे. दुसरं महायुद्ध संपताना छळछावण्यांतून सुटलेली कितीतरी माणसं पोटभर अन्न मिळाल्यावर दगावली. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं, की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात मुलाला सुरुवातीला खास बनवलेलं पातळ दूध दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडंथोडं देतात. भूक परत आली की मगच जास्त ताकदीचं दूध आणि घन आहार. लोहाचं औषधही वजन वाढू लागल्यावरच. भाचीला शेवटी मुंबईला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा तिथेही पहिली पायरी हीच होती. रक्ततपासण्या, मोजून वाढवत नेलेला आहार, दिवसाला तीन जेवणं आणि मधे तीन वेळा थोडं खाणं, प्रत्येक वेळी शेजारी घरचं कुणीतरी, आणि वजनाबद्दल एक शब्दही नाही. डॉक्टर म्हणाले, मनावरचं बोलणं चालू ठेवू, पण उपाशी मेंदूला ते फारसं कळत नाही. तिला सावरायला दोन वर्षं लागली.

मूल घरी आल्यावरचा आहार आपल्या भागातच आहे. मात्र नुसती पातळ पेज मुलाचं पोट भरते, अंग भरत नाही. त्याच पेजेत चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचं कूट घातलं तर तेवढ्याच घासांत ताकद वाढते. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, शेवग्याचा पाला, अंडं, सुकट. यातलं काहीही पाड्यावरच्या बाईला आपण शिकवायची गरज नाही. तिला तेल, डाळ आणि अंडं परवडतं का, आणि दिवसातून पाच वेळा भरवायला घरी थांबता येतं का, हे विचारायची गरज आहे.

त्या आईला केंद्रात दाखल व्हायला सांगितलं गेलं. चौदा दिवस. सहाव्या दिवशी ती मूल घेऊन परत आली. नोंदवहीत लिहिलं गेलं, ‘पळून गेली’. घरी चार वर्षांची मुलगी होती, आवणी चालू होती, नवरा दमणला कामाला. चौदा दिवस ती कशाच्या जोरावर राहणार होती? १९९५ च्या नवसंजीवन योजनेपासून बुडीत मजुरीची तरतूद कागदावर आहे. तिला त्याबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीत बायकांनीच मार्ग काढला. दोघी जणी तिच्या मुलीला सांभाळायला तयार झाल्या, तिघींनी तिच्या वाटची आवणी वाटून घेतली. दुसऱ्या खेपेला ती पूर्ण दिवस राहिली. पोराला भूक लागली. पण ही बायकांची माणुसकी झाली. सरकारची जबाबदारी त्याने फिटत नाही.

आणखी एक प्रश्न मला छळतो. मूल बरं होतं, पण आई काय खाते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने बाईला मोफत जेवणाचा हक्क दिला. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं ताजं जेवण अंगणवाडीत मिळतं. तिथेच बसून खायचं, कारण घरी नेलं की ते पाच जणांत वाटलं जातं. नियम बरोबर आहे. पण लांबच्या पाड्यावरच्या गरोदर बाईने भर पावसात ओहोळ ओलांडून जेवायला यायचं का?

‘अंगणवाडी’ या कल्पनेचं मूळ डहाणू तालुक्यात आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत काम सुरू केलं. पुढे अनुताई वाघांनी ते कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जायचं, असा त्याचा अर्थ होता. मग जेवणानेही बाईच्या अंगणात जायला काय हरकत आहे?

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या गटांनी या वर्षी तीन गोष्टी धराव्यात. केंद्रात मुलासोबत राहणाऱ्या प्रत्येक आईला बुडीत मजुरी दाखल होतानाच मिळाली पाहिजे आणि तिच्या इतर मुलांचीही तिथे सोय झाली पाहिजे. लांबच्या पाड्यांवर अमृत आहार पोचला पाहिजे, आणि वीटभट्टीवर गेलेल्या बाईचा हक्क तिच्यासोबत गेला पाहिजे. तिसरी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. आश्रमशाळेत, वसतिगृहात, आपल्या घरात एखादी मुलगी ताट सरकवत असेल, तर तिला ‘नखरे’ म्हणायचं नाही. तिच्या शेजारी बसायचं आणि वेळेवर डॉक्टर गाठायचा.

‘पळून गेली’ हा शब्द नोंदवहीतून खोडायला लावणं, ही सुरुवात आपण पुढच्याच महिन्यात करू शकतो. त्या जागी तिला का जावं लागलं ते लिहा, असं सांगू. कारण लिहिलं गेलं की उत्तर द्यावं लागतं.