पैसे त्याचे, निवड त्याची

थोरला घरीच कॉम्प्युटर जोडतोय. पैसे त्याचेच, सुट्टीत दुकानात काम करून साठवलेले. बाकीचे भाग ठरले, अडलं ते कॅबिनेटवर. "अम्मी, हे बघ ना!" समोर पूर्ण काच, आत रंगीत दिवे. नको म्हणणं सोपं होतं. मी त्याच्या हातात मोजपट्टी दिली.

त्याचा मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स, २४४ मिलिमीटर लांब-रुंद. तो बसत होता. ग्राफिक्स कार्डाची लांबी, प्रोसेसरवरच्या कूलरची उंची, तीही मापात होती. मग विचारलं, "समोर काच, बाजूला बारीक फट. पंखे हवा कुठून ओढणार?" आमच्या घरावर पत्रे; मे महिन्यात माणसांचीच तगमग होते. गार हवा समोरून आत, गरम हवा मागून-वरून बाहेर, हा रस्ता मोकळा नसला की यंत्र तापतं आणि मंदावतं.

रात्री तो गप्पच होता. सकाळी स्वतःच जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट निवडलं, धुता येणारा डस्ट फिल्टर असलेलं. वाचलेल्या पैशांत एक जादा पंखा आला.

मुलांच्या कमाईवर आपण हुकूम चालवू नये. पण विचारायचं ते खरेदीआधी विचारावं. बिल झाल्यावर विचारलं, तर तो टोमणा होतो.