काही न घालण्याची किंमत

ज्वारीच्या पिठाची आंबील रात्री भिजत घातली की सकाळपर्यंत आपोआप आंबते. तिच्यात कोणी पुडी फोडून टाकत नाही. दह्याला विरजण लागते. आंबिलीला तेही लागत नाही, कारण आंबवणारा जीव पिठातच असतो, भांड्याला चिकटलेला असतो. आपल्या घरातल्या मायबहिणींना हे ठाऊक आहे आणि त्यांना त्याचे काही अप्रूप नाही. फ्रान्स देशात मात्र याच एका गोष्टीवरून गेली चाळीस वर्षे द्राक्षबागाईतदारांत दोन तट पडले आहेत. द्राक्षाचा रस त्याच्या सालीवरच्या यीस्टने आपला आपण आंबू द्यावा, की पाकिटातले यीस्ट घालून आंबवावा? आंबल्यावर त्यात गंधकाचा वायू मिसळावा की मिसळू नये? यात काही न घालणाऱ्यांना नैसर्गिक वाइनवाले म्हणतात. आपला हस्तक्षेप कमीत कमी असावा, हे त्यांचे ब्रीद.

ज्या दारूने आपली घरे बसवली तिच्या गोष्टी या पत्रात कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. वाइन प्यावी की न प्यावी याच्याशी आम्हाला येथे कर्तव्य नाही. आम्ही हा विषय घेतला तो ‘काही घालू नका’ या उपदेशासाठी. हा उपदेश आपल्या कोरडवाहू मुलखाला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांच्या शिबिरांना आपल्यापैकी अनेक जण जाऊन आलेले आहेत. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, सरकारी योजनांच्या कागदांतही हा शब्द आला. खत नको, औषध नको, खर्च नको. ऐकायला गोड वाटते. ज्यांनी हाच मंत्र जपून आपला माल जगभर विकला, त्यांचा हिशेब काय सांगतो ते एकदा बघावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आधी साधी वाइन कशी होते ते पाहू. द्राक्षे चेचायची, रस आंबवायचा, गाळायचा, भरायचा. पण द्राक्षात साखर कमी उतरली तर थंड मुलखात वरून साखर घालतात. ऊन जास्त होऊन आंबटपणा उतरला तर टार्टरिक आम्ल घालतात. रंग, वास, तुरटपणा यांसाठी निवडक यीस्ट, एन्झाइम, टॅनिन. गढूळपणा बसवायला बेंटोनाइट माती किंवा अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग. आणि टिकवायला गंधकाचा वायू. हे सगळे कायद्याला मंजूर आहे. यातले काही भेसळ म्हणून आम्ही सांगत नाही. पण बागाईतदाराच्या बाजूने बघा. वास पाकिटातून येणार, गोडी पोत्यातून येणार आणि आंबटपणा डब्यातून येणार असेल, तर द्राक्ष कोणत्या रानातले आहे, कोणी कसे वाढवले आहे, याला काय किंमत उरते? द्राक्ष म्हणजे नुसता कच्चा माल. या गावचा असो की त्या गावचा, वजनकाट्यावर टाका आणि पडेल तो भाव घ्या. कारखान्यातली कारागिरी जितकी वाढते तितकी शेतातली कारागिरी स्वस्त होते.

हे कळायला फ्रेंच शेतकऱ्यांना तत्त्वज्ञानाची गरज पडली नाही. पोटाला चिमटा बसला आणि कळले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाचा अमेरिकेतून आलेला कीटक द्राक्षवेलींची मुळे खाऊन गेला आणि फ्रान्सच्या बागा ओस पडल्या. वाइनची मागणी तर होतीच. मग व्यापारी बेदाणे भिजवून, साखरेचे पाणी चोथ्यावर ओतून वाइन करू लागले. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांचा आंबवलेला रस, असा कायदा १८८९ सालीच झाला होता. तो कागदावर राहिला. बागा अमेरिकन खुंटावर कलम करून पुन्हा उभ्या राहिल्या, उत्पादन वाढले, अल्जीरियातून जहाजे भरून वाइन येऊ लागली, साखरेची वाइन चालूच राहिली, आणि भाव मातीला मिळाला. दक्षिणेच्या लांगदोक भागात पिंपे भरलेली आणि घरात पीठ नाही अशी गत झाली. पिकलेल्या वर्षी मरण ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या गावचे ८७ बागाईतदार नार्बोन शहरापर्यंत चालत गेले. त्यांचा पुढारी मार्सेलें आल्बेर हा छोटा बागाईतदार, गावात त्याचे कॉफीचे दुकान. मग दर रविवारी सभा होऊ लागली आणि दर सभेला माणूस वाढत गेला. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखोंनी माणसे जमली. क्लेमांसो पंतप्रधान होता. त्याने फौज धाडली. नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसे मेली. तेव्हा सतराव्या पायदळ पलटणीने बंड केले, कारण त्या पलटणीतले शिपाई त्याच मुलखातल्या बागाईतदारांची पोरे होती. त्या महिन्याच्या अखेरीला सरकारने कायदा केला: प्रत्येकाने आपले पीक आणि साठा जाहीर करायचा, आणि वाइनसाठी वापरायच्या साखरेवर जादा कर. वाइनमध्ये द्राक्षच असावे, ही मागणी आधी भावासाठी पुढे आली. शुद्धतेचे सोवळे नंतर आले.

आता नैसर्गिकवाल्यांकडे येऊ. बोजोले भागातला झ्यूल शोवे (१९०७–१९८९) हा त्यांचा मूळपुरुष मानला जातो. गंमत अशी की रसायन नको म्हणणाऱ्या या पंथाचा मूळपुरुष स्वतः रसायनशास्त्र शिकलेला होता, आयुष्यभर यीस्टचा अभ्यास करीत होता, आणि धंद्याने वाइनचा व्यापारी होता. हे शेवटचे आपल्या वाचकांना पचायला जरा जड जाईल. त्याचे म्हणणे असे होते की रानातली माती जिवंत आणि द्राक्ष निरोगी असेल तर गंधकावाचून वाइन करता येते; आणि रानात तणनाशके आणि जहाल औषधे ओतली तर द्राक्षावरचे यीस्टच मरते, मग पाकीट आणण्यावाचून इलाज राहत नाही. १९८० नंतर विलिए-मोर्गों गावचा मार्सेल लापिएर (१९५०–२०१०) हा बागाईतदार त्याच्या मार्गाने गेला, पाठोपाठ झाँ फोयार आणि त्याच गावच्या आसपासचे आणखी काही. बोजोलेची ख्याती तेव्हा झटपट वाइनची होती. सप्टेंबरात तोडणी आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभरच्या दुकानांत विक्री, असा तो धंदा.

‘काही न करणे’ म्हणजे या मंडळींनी काय केले? तणनाशक बंद म्हणजे नांगरट आणि निंदण. यंत्राने तोडणी बंद, कारण यंत्र सडका घड ओळखत नाही, आणि गंधक नसले की एक सडका घड पिंपभर वाइन नासवतो. म्हणून हाताने तोडणी, घड न् घड निवडणे. तळघरात सफाई दवाखान्यासारखी. रस आंबत असता रात्रीबेरात्री उठून त्याची उष्णता बघणे. काम कमी झाले नाही, ते तळघरातून उचलून रानात गेले आणि मजुरीचा आकडा फुगला. बिनखर्ची या शब्दावर आमचा विश्वास का बसत नाही ते येथे कळावे.

आणि अगदीच काही फवारत नाहीत असेही नाही. भुरीवर गंधक आणि केवड्यावर मोरचूद-चुना हे सेंद्रिय बागांतही चालते. आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो ते याच देशातल्या बोर्दो गावाच्या नावाचे. तांब्याचे विष मातीत साठत जाते म्हणून युरोपात २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो तांबे अशी मर्यादा घातलेली आहे. इतकेच काय, यीस्ट आंबवताना स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते, म्हणून गंधकाचा अंशही नसलेली वाइन जवळजवळ नसतेच. प्रामाणिक बागाईतदार ‘गंधक घातलेले नाही’ एवढेच म्हणतो.

आता जोखमीचे बघा. लुआर नदीच्या खोऱ्यातल्या सेबास्तियाँ दाव्हिद याच्या २०१६ च्या वाइनमध्ये व्हिनेगरचा आंबटपणा मर्यादेबाहेर गेला असे सरकारी तपासणीत निघाले. आकड्यावर वाद झाला, पण २०१९ साली दोन हजारांवर बाटल्या त्याला नष्ट करण्यासाठी द्याव्या लागल्या. अनेकांची वाइन गावाच्या ठरलेल्या चवीत बसत नाही म्हणून परीक्षक मंडळ नापास करते; मग बाटलीवर गावाचे नाव घालता येत नाही, नुसते ‘फ्रान्सची वाइन’ म्हणून विकावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या त्या गावात राबणाऱ्याला ही शिक्षा थोडी नाही.

सर्वांत अवघड प्रसंग बुर्गोन्यचा. तेथे फ्लाव्हेसाँस दोरे नावाचा रोग पसरतो. एक तुडतुडा तो वेलीवेलीत नेतो, आणि लागण झालेली वेल उपटावी लागते. २०१३ साली तेथल्या जिल्हा प्रशासनाने हुकूम काढला की कोत-दोर जिल्ह्यातल्या सर्व बागांनी फवारणी केलीच पाहिजे. बोन गावाजवळचा एमान्युएल जिबुलो हा बायोडायनॅमिक पद्धतीचा बागाईतदार. माझ्या बागेत रोग नाही, फवारणीने मित्रकीटक मरतील, म्हणून त्याने फवारले नाही. फौजदारी खटला झाला. एप्रिल २०१४ मध्ये दिजों येथील न्यायालयाने १००० युरो दंड केला, त्यातला निम्मा तहकूब. लोक त्याच्या बाजूने रस्त्यावर आले. डिसेंबरात अपील न्यायालयाने त्याला सोडले. पण का सोडले? हुकूम काढण्याची रीत कायद्याला धरून नव्हती म्हणून. त्याचे तत्त्वज्ञान खरे की खोटे यावर न्यायालय बोललेच नाही.

आम्ही येथे जिबुलोच्या नावाने सरळ टाळ्या वाजवणार नाही. माझे रान, माझी मर्जी, हे आम्हाला मान्य. न फवारण्याची बाजूही आम्हाला ठाऊक आहे: २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेने शेतकरी आणि मजूर मेले. पण त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, आणि त्याला एक कारण आपली फरदडही होती. एकाने दोन क्विंटल कापसाच्या आशेने पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवली की अळी शेजाऱ्याच्या पुढच्या पिकात जाते. अळीला बांध दिसत नाही, तुडतुड्यालाही दिसत नाही. जिबुलोला न फवारण्याचा हक्क आहे. पण त्याच्या शेजाऱ्याची बाग उपटावी लागली तर भरपाई कोणी द्यायची, याचे उत्तर नैसर्गिकवाल्यांच्या लिखाणात आम्हाला कोठे सापडले नाही. सरकारच्या हुकमातही नव्हते. रोग नसलेल्या बागेवर सरसकट फवारणी लादण्यापेक्षा वेल न् वेल तपासायची सक्ती सर्वांवर केली असती, तर ती आम्हाला जास्त न्यायाची वाटली असती.

इतके सोसून ही मंडळी टिकली कशी? फ्रान्समधला जो बागाईतदार द्राक्षे सहकारी संघाला किंवा व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो, तो सहसा या वाटेला गेलेला नाही. गेले ते स्वतः आंबवणारे आणि स्वतः बाटली भरणारे. बाटलीवर लापिएर हे नाव होते. एका साली माल बिघडला तरी गिऱ्हाईक त्या नावाला ओळखत होते आणि चार पैसे जास्त देत होते. २०२१ च्या एप्रिलात कडाक्याच्या थंडीने फ्रान्सभर कोंब जळाले, तेव्हा कित्येकांनी दुसऱ्यांची द्राक्षे विकत घेऊन तळघर चालू ठेवले. हातात प्रक्रिया होती म्हणून ते जमले.

नाव जपायचे तर त्याची व्याख्या लागते. तीही उशिरा झाली. ‘नैसर्गिक’ शब्द कोणीही छापू लागल्यावर २०२० मध्ये ‘व्हँ मेतोद नात्यूर’ या नावाची सनद फ्रान्समध्ये मान्य झाली: द्राक्ष प्रमाणित सेंद्रिय, तोडणी हाताने, यीस्ट रानातले, वरून काही नाही, गंधक घातलेच तर एकूण सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, आणि त्याची खूण वेगळी. साध्या लाल वाइनला युरोपात १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. डिसेंबर २०२३ पासून तर युरोपात नव्या पिकाच्या प्रत्येक वाइनला आत काय घातले ते सांगणे बंधनकारक झाले. बिस्किटाच्या पुड्यावर जे कधीपासून छापलेले असते ते वाइनच्या बाटलीवर यायला इतकी वर्षे लागली. ते मोठ्या कंपन्यांना आवडले नसेल, पण द्राक्ष पिकवणाऱ्याला त्याचा तोटा नाही.

आता आपल्या कापसाकडे या. सेंद्रिय कापसाचा गट करा, म्हणून माणसे गावात येतात. रासायनिक खत-औषध सोडल्यापासून प्रमाणपत्रापर्यंत कपाशीसारख्या पिकाला दोन वर्षे जातात. त्या दोन वर्षांत उतारा घटला तरी भाव बाजाराचाच. नंतरही प्रमाणपत्र बहुधा गट चालवणाऱ्याच्या हाती असते. जिनिंगच्या आवारात गाडी रिकामी झाली की तुमचा वेचून स्वच्छ आणलेला कापूस आणि दुसऱ्याचा कवडीमिश्रित कापूस एकाच ढिगात जातो, आणि गाठीवर जिनिंगचा शिक्का बसतो.

तेव्हा या हंगामात गट करायला कोणी आले तर प्रमाणपत्र कोणाच्या नावाने निघणार, पहिल्या दोन वर्षांतली तूट कोण भरणार आणि आमचा ढीग वेगळा राहणार की नाही, हे बैठकीत सर्वांसमोर विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.