गळाची काठी किती लांब असावी?

शेततळ्यात मासे पाळणे ही गोष्ट महाराष्ट्रात आता नवलाची राहिलेली नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यानंतर कोरडवाहू भागातही ठिकठिकाणी तळी झाली. पाणी टिकते तेथे रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडून घरच्या आहाराची आणि चार पैशांची सोय करावी, असे अनेक शेतकऱ्यांना वाटू लागले. तळे किती खोल असावे, प्लॅस्टिकचा कागद किती जाड असावा, बीज किती सोडावे, याविषयी सल्ला मिळतो. परंतु त्या तळ्यावर गळ टाकणाऱ्याच्या हातातील काठी किती लांब असावी, हा प्रश्न क्षुल्लक मानून सोडून दिला जातो. तो क्षुल्लक नव्हे. मासा मिळणे न मिळणे काठीच्या लांबीवर अवलंबून असतेच. पण माणसाने पाय कोठे रोवावेत, हेही तीच ठरविते.

बहुधा हाताशी सापडेल ती सहा-सात फुटांची काठी घेऊन काम भागविले जाते. तळ्याचे पाणी काठापासून दोन-तीन हात खाली गेले की ही काठी पाण्यापर्यंत पुरत नाही. मग माणूस एक पाऊल पुढे टाकतो, नंतर दुसरे, आणि नकळत उतारावर येतो. ओला झालेला, शेवाळ धरलेला प्लॅस्टिकचा कागद पायाला आधार देत नाही. अशा तळ्यात घसरलेल्या माणसाला पोहता येत असले तरी वर चढणे कठीण जाते. आखूड काठीचा दुसरा दोष असा की, गळ खोल पाण्यात न पडता उतारावर पडतो व ओढताना कागदावरून फरफटत येतो. गळाच्या टोकाने पडलेले छिद्र डोळ्यांस दिसत नाही. परंतु उन्हाळ्यात फळबागेसाठी राखलेले पाणी त्यातून निघून जाते. एका माशापायी हंगामाचे पाणी घालविणे हा व्यवहार शहाणपणाचा नाही.

याच्या उलट, काठी जितकी लांब तितके मासे अधिक, असाही एक समज आहे. तोही खरा नाही. लांबी वाढते तसा शेंड्याचा भार मनगटावर अधिक पडतो. हात लवकर थकतो, माशाने आमिष ओढले तरी ते जाणवण्यास उशीर होतो, आणि हिसका वेळेवर बसत नाही. याहून मोठा धोका वर असतो. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारा पुष्कळ ठिकाणी १५ ते २० फूट उंचीवर असतात. ओघळलेल्या तारा त्याहून खाली येतात. १४ फुटांची काठी कमरेशी धरून उभी केली की तिचा शेंडा १७ फुटांवर पोहोचतो. ओला किंवा हिरवा बांबू वीज वाहून नेतो. बाजारात मिळणाऱ्या कार्बन तंतूंच्या काठ्या तर कोरड्या असतानाही वीज वाहून नेतात. ज्या काठावरून तारा जातात तेथे कोणत्याही लांबीची काठी वापरू नये.

तेव्हा काठीची लांबी अंदाजाने न ठरविता मोजून ठरवावी. हिशेब सोपा आहे. काठापासून पाणी जितके फूट खाली असेल, त्यात ४ फूट मिळवावेत. कारण ३ फूट पाण्यात लोंबणारा गळ कागदापासून एक फूट वर राहिला पाहिजे. तळ्याचा उतार उभ्या एका फुटास आडवा दीड फूट असेल, तर आलेल्या बेरजेची दीडपट करावी. त्यात काठापासून मागे उभे राहण्यासाठी २ फूट आणि काठी तिरपी धरावी लागते म्हणून दीड फूट मिळवावा. पाणी १ फूट खाली असताना उत्तर येते ११ फूट. ३ फूट खाली असताना १४ फूट. आणि ५ फूट खाली गेले की १७ फूट. उतार एकास एक असेल तर दीडपट करण्याची गरज नाही. तेथे पाणी ३ फूट खाली असताना साडेदहा फुटांची काठी पुरते.

या आकड्यांतून उघड होते की एका तळ्यालाही वर्षभर एकच काठी पुरत नाही. जेथे गळाची मासेमारी हा मोठा छंद आहे तेथील अनुभवही असाच आहे. अमेरिकेत क्रॅपी नावाचा मासा बुडालेल्या झाडझाडोऱ्याच्या आश्रयाने राहतो. त्याच्यासाठी शिशाचा मणी बसविलेला लहान गळ लांब काठीने सरळ खाली सोडतात. झाडाच्या फांद्यांखाली अडचणीच्या जागी तेथील लोक ८ फुटांच्या आसपासची काठी घेतात. एरवी १० ते १२ फुटांची. आणि उथळ, नितळ पाण्यात नावेच्या चाहुलीने मासा बुजू नये म्हणून त्याहूनही लांब. मासा तोच, माणूस तोच. जागा बदलली की काठी बदलते. मासा निराळा असला तरी हा विवेक आपल्या शेततळ्यालाही लागू पडतो.

काठीसाठी मानवेल बांबू चांगला. तो भरीव व चिवट असतो. पावसाळा संपल्यावर दोन-तीन वर्षांचा पक्व बांबू तोडून सावलीत सुकवावा. बुडखा हाताच्या मुठीत मावेल असा आणि शेंडा लवचीक असावा. दोरी काठीच्या लांबीहून किंचित आखूड ठेवावी, म्हणजे काठी उचलताच मासा हाताशी येतो. मोठा मासा काढण्यास लांब दांड्याची जाळी जवळ असावी. ती नसली की माणूस माशासाठी उतारावर उतरतो.

पाणी ५ फूट खाली गेल्यावर १७ फुटांची काठी करण्याच्या भरीस पडू नये. तेवढी काठी सांभाळणे कठीण असते. त्या वेळी गळ बाजूला ठेवून जाणत्या माणसांकडून जाळे ओढून घ्यावे, हेच योग्य. काठी पुरत नाही, याचा अर्थ माणसाने पुढे सरकावे असा होत नाही. गळाचा हंगाम संपला, असा होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेततळ्यास भेट देताना मोजपट्टी बरोबर न्यावी व वरील हिशेब शेतकऱ्यासमोर करून दाखवावा. काठापासून २ फुटांवर दगडांची एक ओळ लावून घ्यावी. काठी हाती घेतलेल्या कोणीही ती ओळ ओलांडू नये. तळ्याच्या चारही बाजूंस गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी असावी. मुलांच्या हाती आखूड काठी देऊन त्यांना एकटे तळ्यावर धाडू नये. मुलाचा हात आखूड असतो, म्हणून ते मोठ्या माणसाहूनही पुढे जाते. तळ्यातील मासा आज मिळाला नाही तर उद्या मिळेल. काठी मोजून घेतली, तर उद्या तो धरणारा माणूसही काठावर सुखरूप असेल.